पिवळ्या पावडरीपासून आयसी-५० पर्यंत: अकरा महिन्यांचा हिशेब

कंपाउंड तयार आहेत, स्पेक्ट्रा आलेत, आता ‘बायोलॉजिकल अ‍ॅक्टिव्हिटी’ (कंपाउंडचा जिवंत पेशींवर काय परिणाम होतो ते) तेवढी राहिली. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारे मराठवाड्यातले बहुतेक जण इथपर्यंत पोचतात. पुढे बरेच जण पैसे भरून सॅम्पल बाहेर पाठवतात आणि आलेला आकडा (बहुतेकदा आयसी-५०, म्हणजे पेशी निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा) प्रबंधात घालतात. आम्ही, म्हणजे केमिस्ट्रीचा मी आणि बायोटेक्नॉलॉजीच्या एक सहकारी मॅडम, हे काम परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातच करायचं ठरवलं. जून २०२३ च्या अखेरीला सुरुवात झाली, मे २०२४ मध्ये संपलं. सुरू करताना जे कळायला हवं होतं ते पुढे लिहितो आहे, कारण अडलो ती बहुतेक ठिकाणं कुठल्याच पेपरच्या ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये सापडत नाहीत.

आमच्याकडे १२ कंपाउंड होती: ८ चाल्कोन आणि त्यातल्याच चारांपासून केलेली ४ पायराझोलिन. चाल्कोन करणं सोपं. अ‍ॅसिटोफिनोन आणि बेंझाल्डिहाइड समान मोल इथेनॉलमध्ये घ्यायचे, बर्फात ठेवून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायचं, रात्रभर ढवळायचं, सकाळी ठेचलेल्या बर्फावर ओतून सौम्य आम्लाने उदासीन करायचं. पिवळा साका बसतो. टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) एकच ठिपका दिसला की केमिस्टचं समाधान होतं. पेशींचं होत नाही. आमच्या तीन नमुन्यांच्या एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत), सीडीसीएल-३ या द्रावकात, १.२५ आणि ३.७२ पीपीएमला छोटी शिखरं होती. ती रिक्रिस्टलायझेशनमध्ये अडकलेल्या इथेनॉलची. वितळणांक बरोबर होता, ट्रान्स दुहेरी बंधाचं सुमारे १५.५ हर्ट्झचं कपलिंगही व्यवस्थित होतं, म्हणून आम्ही आधी दुर्लक्ष केलं. पण पावडरीत द्रावक राहिलं की २ मिलिग्रॅम वजन करताना खरं कंपाउंड तेवढं नसतं, आणि पुढचा प्रत्येक मोलर आकडा तेवढाच चुकतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० अंशांवर दोन दिवस ठेवून नमुने परत पाठवले. एनएमआर आणि मासला (रेणुभार मोजायच्या चाचणीला) आम्ही चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या सैफ या उपकरण केंद्राकडे जातो. नमुना १५ मिलिग्रॅम, काचेच्या छोट्या व्हायलमध्ये, झाकणाला पॅराफिल्म आणि लेबलवर सेलोटेप. जुलै यातच गेला. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून त्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर दिसेपर्यंत पेशींच्या वाटेला जाऊ नका. एका टक्क्याची अशुद्धीही विषारी असेल तर सगळा परिणाम तिचाच असू शकतो.

ऑगस्टमध्ये एथिक्स कमिटीकडे वळलो. विकत किंवा रिपॉझिटरीतून (पेशींच्या भांडारातून) आणलेल्या सेल लाइनसाठी, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशींसाठी, माणसांकडून संमती घ्यायची वेळ येत नाही. पण कंपाउंड माणसाच्या तांबड्या पेशी फोडतं का, हे आम्हाला बघायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांचं ३ मिलि रक्त हवं, आणि रक्त आलं की परवानगी आली. रक्तपेढीत मुदत संपलेलं रक्त मिळतं, ते वापरू, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्यालाही परवानगी लागते, शिवाय जुन्या पेशी आपोआपच फुटत असतात, त्यामुळे तुलना बिघडते.

आमच्या महाविद्यालयाची स्वतःची समिती नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज करायचा, तर दोन संस्थांमध्ये सामंजस्य करार लागला. प्राचार्यांची सही, तिकडच्या अधिष्ठात्यांची सही आणि मधला पत्रव्यवहार यात ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर गेला. अर्जासोबत प्रोटोकॉल, मार्गदर्शकांचा आणि आमचा बायोडेटा, विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र, खर्चाचा अंदाज, हितसंबंधांचं घोषणापत्र, सहभागींचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी-इंग्रजी दोन्हींत, शिवाय मराठीवरून परत इंग्रजी केलेली प्रत. सगळ्याच्या १२ प्रती. विद्यार्थ्यांसाठी शुल्क हजार रुपये होतं, झेरॉक्स आणि बाइंडिंगला त्याहून जास्त लागले. प्रत्येक कागदावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. आम्ही टाकली नव्हती आणि तेवढ्यासाठी फाइल परत आली.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, कोरमला किमान ५ जण लागतात, आणि त्यात एक सामान्य नागरिकही असतो. आमच्या बैठकीत सगळ्यात कामाचा प्रश्न त्यांनीच विचारला. माहितीपत्रकात आम्ही ‘शिरावेधाद्वारे रक्तनमुना संकलन’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “हे माझ्या भावजयीला वाचून दाखवलं तर तिला काय कळेल?” दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य असं झालं: ‘तुमच्या हाताच्या शिरेतून सुईने ३ मिलि, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त रक्त घेतलं जाईल. सुई टोचताना दुखेल, जागा एखादा दिवस काळीनिळी राहू शकते. या रक्ताची कोणतीही तपासणी करून तुमचा रोग सांगितला जाणार नाही.’ शेवटचं वाक्य नक्की ठेवा. रक्त दिलं म्हणजे रिपोर्ट मिळणार, असं लोक धरून चालतात.

दुसरी हरकत याहून गंभीर होती. आम्ही आमच्याच विभागाच्या एम.एस्सी.च्या मुलांकडून रक्त घेणार होतो. ज्यांचे अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत, त्यांची ‘हो’ मोकळी असेलच असं नाही, म्हणून अशा विद्यार्थ्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटात धरतात. त्याऐवजी दुसऱ्या विद्याशाखेत नोटीस लावून स्वतःहून आलेले ५ स्वयंसेवक घ्यायचे, आणि रक्त प्रशिक्षित तंत्रज्ञानेच काढायचं, असं ठरलं. परवानगीचं पत्र ऑक्टोबरच्या शेवटी हातात पडलं. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदाच होत असेल तर आधी तारीख विचारा आणि तिथून उलटे दिवस मोजा.

नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीसीएसकडे, सेल लाइनची मागणी नोंदवली. संस्थाप्रमुखांच्या सहीचा फॉर्म आणि पेशी तिसऱ्या कुणाला देणार नाही असं हमीपत्र लागलं. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणायचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळा. हेला पेशी, १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेल्या, इतक्या जोमाने वाढतात की जगभर कितीतरी लॅबमधल्या दुसऱ्या नावाच्या लाइन प्रत्यक्षात हेलाच निघाल्या आहेत. उसन्या फ्लास्कसोबत मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणूही येतो. तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरपार जातो, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) गढूळही करत नाही. पेशी फक्त हळू वाढतात, आणि आपण ते कंपाउंडचं श्रेय समजतो.

आम्ही एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची लाइन आणि तुलनेला एचईके-२९३ घेतली. एचईके-२९३ ला सर्रास ‘नॉर्मल सेल’ म्हटलं जातं, पण ते खरं नाही. ती भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून केलेली अमर लाइन आहे. ती जरूर वापरा, पण ‘निरोगी पेशींना अपाय नाही’ असं तिच्या जोरावर लिहू नका.

जानेवारीत फ्लास्क घ्यायला पुण्याला गेलो. टी-२५ फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियाने भरलेला होता. असा भरलेला असला की प्रवासात डुचमळून फेस होत नाही. तो थर्माकोलच्या डब्यात घालायचा, पण बर्फ ठेवायचा नाही. ट्रॅव्हल्समध्ये एसीच्या झोताखाली किंवा डिकीत न ठेवता मांडीवर ठेवला. लॅबमध्ये आल्यावर घाईने उघडू नका. बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये आडवा ठेवा. प्रवासात सुटलेल्या पेशी बऱ्याच प्रमाणात परत चिकटतात. दुसऱ्या दिवशी जास्तीचा मीडिया काढून ५ मिलि ठेवायचा. काढलेला मीडिया फेकायचा नाही, सेंट्रिफ्यूज करून तळाच्या पेशी दुसऱ्या फ्लास्कमध्ये लावायच्या. आमचा पहिला फ्लास्क चौथ्या दिवशी बुरशीने गेला, आणि हाच दुसरा फ्लास्क कामी आला.

जानेवारीतली आणखी एक गोष्ट. सकाळी डीएमएसओची, म्हणजे कंपाउंड ज्यात विरघळवतो त्या द्रावकाची, बाटली घट्ट झालेली दिसते. तो १८.५ अंशांखाली गोठतो, खराब झालेला नसतो. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये धरा. मात्र त्यात विरघळवलेले कंपाउंडचे स्टॉक (पुढे पातळ करायची मूळ द्रावणं) पुन्हापुन्हा गोठू-वितळू देऊ नका, तळाला खडे धरतात. ५० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा, लागेल तेवढाच काढा.

स्टॉक २० मिलिमोलर केला. साधा चाल्कोन असेल, रेणुभार २०८.२६, तर १ मिलि डीएमएसओत ४.१७ मिलिग्रॅम. यातून १०० मायक्रोमोलरला डीएमएसओ ०.५ टक्के होतो, आणि त्यापलीकडे जायचं नाही. एक चूक सगळीकडे दिसते: सर्वांत जास्त मात्रेचं द्रावण मीडियात करायचं आणि तेच मीडियात पातळ करत जायचं. मग १०० मायक्रोमोलरच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) डीएमएसओ ०.५ टक्के आणि ३ च्या वेलमध्ये जवळजवळ शून्य. पेशी कंपाउंडने मेल्या की डीएमएसओने, हे सांगता येत नाही. आधी डीएमएसओतच निम्मे-निम्मे करत सहा मात्रा करा, मग प्रत्येकीतून सारखाच अंश मीडियात घ्या.

फेब्रुवारीत पहिल्या एमटीटी प्लेट (९६ वेलच्या) लावल्या. पद्धत मोसमान यांची, १९८३ ची: जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं क्षपण करून जांभळे फॉर्माझान स्फटिक तयार करतात, ते डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा. प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमध्ये ७,००० पेशी, २४ तास चिकटू द्यायच्या, ४८ तास कंपाउंड, मग ५ मिलिग्रॅम प्रति मिलिचं एमटीटी १० मायक्रोलिटर आणि ४ तास अंधारात. पहिल्या दोन प्लेट वाया गेल्या. काहीच न घातलेल्या वेलमध्येसुद्धा आकडे ०.४ ते ०.९ पर्यंत पसरलेले. कारण कडेचे वेल. कोरड्या हवेत कडेच्या ३६ वेलमधलं पाणी लवकर उडतं, मीडिया खारट होतो. कडेला नुसता २०० मायक्रोलिटर पीबीएस (खारं बफर द्रावण) भरा आणि आतले ६० वेल वापरा. ६० मध्ये दोन कंपाउंड बसतात: सहा मात्रा, तीन-तीन वेल म्हणजे ३६, उरलेल्या २४ मध्ये नुसत्या पेशी, फक्त डीएमएसओ, पेशींविना मीडिया आणि तुलनेला डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध, प्रत्येकी सहा. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी ठेवा, बोअरचं किंवा टँकरचं नको. आपल्याकडच्या पाण्याचा क्षार ट्रेवर आठवड्यात दिसायला लागतो.

मार्चमध्ये आकडे नीट यायला लागले, आणि खरी अडचण तेव्हाच कळली. एका कंपाउंडने मात्रा वाढवली तशी ‘जिवंत पेशी’ १३० टक्के दाखवल्या. सूक्ष्मदर्शकात मात्र त्याच वेलमध्ये पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या. एका कंपाउंडच्या रिंगवर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सी गट होते, हे ते. असे कॅटेकोल गट स्वतःच एमटीटीचं क्षपण करतात. खात्री करायला पेशी नसलेल्या प्लेटमध्ये मीडिया, कंपाउंड आणि एमटीटी घालून ४ तास ठेवलं. १०० मायक्रोमोलरचे वेल वांग्याच्या सालीसारखे जांभळे झाले. एकही पेशी नाही आणि रंग मात्र पूर्ण! हा अर्ध्या दिवसाचा, शंभर रुपयांचा प्रयोग पहिल्याच दिवशी करायला हवा होता. फेनॉल, थायॉल (गंधक-हायड्रोजन गट), अ‍ॅस्कॉर्बिक आम्लासारखं काहीही असेल तर तो न चुकता करा. त्यानंतर आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये एमटीटीच्या आधी कंपाउंडचा मीडिया काढून पीबीएसने एकदा धुवायला लागलो.

वेगळ्या प्रकारची फसगत दुसऱ्या कंपाउंडने केली. एका पायराझोलिनच्या ५० आणि १०० मायक्रोमोलरच्या आकड्यांत काही फरकच पडत नव्हता. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पेशींवर बारीक सुया आडव्यातिडव्या पडलेल्या दिसल्या. डीएमएसओत विरघळलेलं कंपाउंड पाणीदार मीडियात येताच बाहेर पडलं होतं. ५० लिहिलं तरी पेशींना मिळत होतं त्याहून कितीतरी कमी. मात्रा दिल्यावर एका तासाने प्रत्येक प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा, फोटो काढा, तारीख टाका. सुया दिसल्या की त्या मात्रेवरचा आकडा आलेखातून काढा.

चाल्कोनबद्दल अजून एक. त्याचा असंतृप्त कीटोन थायॉल गटांना जाऊन चिकटतो, हाच त्याच्या परिणामाचा एक मार्ग आणि हीच त्याची खोड. मीडियातल्या सीरममध्ये (रक्तातून मिळणाऱ्या द्रवात) अल्ब्युमिन हे प्रथिन असतं, तेही त्याला धरून ठेवतं. म्हणून ५ टक्के आणि १० टक्के सीरममध्ये एकाच कंपाउंडचा आयसी-५० वेगळा येऊ शकतो. सीरम किती टक्के, पेशी किती, तास किती, हे लिहिल्याशिवाय नुसत्या आयसी-५० ला अर्थ नाही. पेपरांच्या तक्त्यांमध्ये शेजारी-शेजारी ठेवलेले आकडे बघताना आता मी आधी हे शोधतो.

ज्या कंपाउंडवर विश्वास ठेवायचा होता, त्यांना दुसऱ्या पद्धतीने तपासलं: ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) घालून हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचपट्टीवर, मोजणी आणि एसआरबी. एसआरबी थंड ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाने पेशी जागीच बसवून त्यांच्या प्रथिनांना रंगवते, तिथे क्षपणाचा प्रश्नच येत नाही. शिवाय पेशी बसवलेली, वाळवलेली प्लेट काही दिवस राहते, प्लेटचा रंग मोजणारा रीडर दुसऱ्या संस्थेत असेल तर हे फार सोयीचं. १२ पैकी तीन कंपाउंड तिन्ही पद्धतींत टिकली. एमटीटीवर थांबलो असतो तर पाच लिहिली असती.

तांबड्या पेशींचं काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांत उरकलं. सलाइनने तीनदा धुतलेल्या पेशींचं २ टक्के द्रावण, ३७ अंशांवर तासभर, सेंट्रिफ्यूज, वरच्या पाण्याचं ५४० नॅनोमीटरला मोजमाप, १०० टक्क्यांसाठी सगळ्या पेशी फोडणारं डिटर्जंट ट्रायटन एक्स-१००. रक्त काढल्यापासून चार तासांत सुरू करा, बारीक सुईने जोरात ओढू नका, नाहीतर पेशी नळीतच फुटतात.

एप्रिलमध्ये काम थांबवावं लागलं. साधा सीओटू इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. ३७ अंश धरून ठेवायला खोली त्याहून किमान चार-पाच अंश थंड असावी लागते. बाहेर ४१-४२, दुपारी वीज गेली, एसी बंद, खोली ३६ वर, आणि यंत्र यूपीएसवर चालू असूनही आत ३८.९. असे दोन दिवस काढलेल्या प्लेटमध्ये डीएमएसओच्या वेलमधल्या पेशीही सुकलेल्या होत्या. सिलिंडर संपला की काय होतं तेही कळलं: मीडियातला फेनॉल रेड (पीएचप्रमाणे बदलणारा रंग) केशरीवरून गुलाबीकडे जातो, कारण सीओटू नसला की बायकार्बोनेट पीएच वर नेतं. सकाळी दार उघडताच आधी रंग बघायची सवय लावा. मराठवाड्यात पेशींचं काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये बसवा आणि उन्हाळ्यात संश्लेषण, लेखन, एथिक्सची फाइल करा. आमच्या शेवटच्या प्लेट एप्रिलपर्यंत लांबल्या.

खर्च: सीरम तेव्हा १०० मिलिला साडेसात हजारांच्या आसपास, आणि तेच सगळ्यात महाग. प्लेट, फ्लास्क, मीडिया, एमटीटी, सिलिंडर, प्रवास धरून एकूण ६० हजारांच्या जरा पुढे. उपकरणं बायोटेक्नॉलॉजी विभागाची होती. ती नसतील तर टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये शुल्क भरून एसआरबी स्क्रीनिंग करून मिळतं, तो रस्ता कमीपणाचा नाही. फक्त शुद्धता, विद्राव्यता आणि द्रावकाचा तपशील आपणच सोबत द्यायचा असतो.

एक गोष्ट कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नसते. कर्करोगावर काम चालू आहे, हे गावात कळलं की लोक रिपोर्टची पिशवी घेऊन येतात. प्लेटमधल्या आयसी-५० चा आणि औषधाचा अजून काही संबंध नाही, हे त्यांना पहिल्याच वाक्यात, स्पष्ट सांगा. आणि रिकाम्या हाताने पाठवू नका. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी लागणाऱ्या कागदांची यादी आम्ही लॅबच्या दारामागे लिहून ठेवली आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या पेशी गोठवल्या. ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, व्हायलमागे दहा लाख पेशी, मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने उणे ८० पर्यंत, दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजनमध्ये. नायट्रोजन कुठून आणायचा, हा प्रश्न महिनाभर सुटत नव्हता. उत्तर जवळच होतं: गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यांना तो पुरवणारी गाडी आमच्या भागात ठरलेल्या दिवशी येतेच. त्याच पुरवठादाराकडून आमचा कॅन भरून मिळाला. व्हायलवर लाइनचं नाव, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये लावल्या तो) आणि तारीख पेन्सिलने लिहा. मार्करची शाई अल्कोहोलच्या एका बोळ्याने पुसली जाते.